पासवर्डचं घर बदलताना: मधली फाइल आणि मागे राहिलेल्या पासकी

आजचा भाग छोटा आहे, पण ऐकून झाल्यावर फोनमधलं डाउनलोड्स फोल्डर एकदा उघडून बघा. का, ते सांगतो.

मागच्या दिवाळीत मी माझा जुना लॅपटॉप मामेबहिणीला दिला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, इथे पासवर्ड्स नावाची एक फाइल आहे. ठेवू की उडवू?" माझ्या पोटात गोळाच आला. आठ महिन्यांपूर्वी मी पासवर्ड मॅनेजर बदलला होता. तेव्हा जुन्या अ‍ॅपमधून सगळे पासवर्ड एक्स्पोर्ट केले, नव्यात टाकले आणि ती फाइल विसरून गेलो. ईमेल, बँक, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यात होतं. फाइल बहिणीच्या हाती लागली म्हणून वाचलो. तोच लॅपटॉप विकला असता तर?

आता ही फाइल म्हणजे काय ते समजून घेऊ. बहुतेक अ‍ॅप्स एक्स्पोर्ट करताना सीएसव्ही फाइल देतात. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. साइटचं नाव, स्वल्पविराम, युजरनेम, स्वल्पविराम, पासवर्ड. कुलूप नाही, काही नाही. जुन्या अ‍ॅपमध्ये पासवर्ड तिजोरीत होते, नव्या अ‍ॅपमध्येही तिजोरीत आहेत. पण मधल्या प्रवासात ते उघड्या टोपलीत असतात. धोका खरा तिथे आहे.

म्हणून पहिला नियम: ही फाइल स्वतःलाही पाठवायची नाही. ईमेलने नाही, चॅटवर नाही. पाठवली की तिच्या प्रती सेंटमध्ये आणि बॅकअपमध्ये जाऊन बसतात. काम एकाच डिव्हाइसवर, एकाच बैठकीत उरका. फाइल जिथे सेव्ह होतेय ते फोल्डर आपोआप क्लाउडवर जात नाही ना, तेही आधी बघा. आयफोनवर डाउनलोड्स आयक्लाउडमध्ये जात असू शकतात.

दुसरा नियम: फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. पासवर्ड नुसत्या आकड्यांचा असेल आणि शून्याने सुरू होत असेल, तर एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. मग तुम्ही लॉगिन करत बसता आणि चूक कुठे झाली ते कळतच नाही.

इम्पोर्ट झालं की दोन्ही अ‍ॅप्समधल्या नोंदींची संख्या ताडून बघा. चार-पाच महत्त्वाच्या साइट्सवर खरंच लॉगिन करून बघा. मग फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिन किंवा रिसेंटली डिलीटेडमधूनही काढा. माझं घोडं तिथेच अडलं होतं. डिलीट करायचं राहिलं ते राहिलंच.

आता पासकी. इथे बरेच जण फसतात, कारण सीएसव्हीमध्ये पासकी येतच नाही. पासकी म्हणजे दोन चाव्यांची जोडी. एक चावी साइटकडे, दुसरी गुप्त चावी तुमच्या मॅनेजरमध्ये. ती गुप्त चावी साध्या फाइलमध्ये उघडी पडू नये म्हणून बाहेर दिली जात नाही. सुरक्षेसाठी हे चांगलंच आहे. पण पासवर्ड आले म्हणजे सगळं आलं असं समजून तुम्ही जुनं अ‍ॅप रिकामं केलंत, तर पासकी गेल्या. आणि एखाद्या खात्याला फक्त पासकीच असेल, तर दारात उभे!

यावर उपाय येतोय. फिडो अलायन्स, म्हणजे पासकीचं मानक ठरवणारी संस्था, हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रेडेन्शियल एक्स्चेंजचा मसुदा जाहीर केला. उद्देश असा, की पासवर्ड आणि पासकी एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात सुरक्षितपणे जाव्यात. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयओएस २६ मध्ये ही सोय दिली. फेस आयडीने खात्री झाली की माहिती थेट एका अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाते, मधली उघडी फाइल नाहीच. अट एवढीच, की दोन्ही अ‍ॅप्सनी ही सोय घेतलेली हवी.

तुमच्याकडे ही सोय नसेल, तर हातानेच करायचं. जुनं अ‍ॅप चालू ठेवा. जुन्या पासकीने साइटवर लॉगिन करा, सिक्युरिटी सेटिंगमध्ये जा आणि नवी पासकी तयार करा. ती कुठे ठेवायची असं विचारलं की नवं अ‍ॅप निवडा. लॉगआउट करून नव्या पासकीने आत जाऊन बघा, मगच साइटवरून जुनी काढा. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचा पासवर्ड रीसेट होतो तो ईमेलवरूनच. रोज चार खाती केलीत तरी आठवड्याभरात काम होतं.

आणि हो, "मला कुठे अ‍ॅप बदलायचंय?" असं म्हणू नका. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरने ऑगस्ट २०२५ पासून अ‍ॅपमधले सेव्ह केलेले पासवर्ड दाखवणं बंद केलं. कधी कधी घर आपण सोडत नाही, घरमालकच सोडायला लावतो.

तर आजचं काम: डाउनलोड्स उघडा, सर्चमध्ये सीएसव्ही टाका. काही सापडलं तर लाजू नका, मीही त्यातलाच. उडवा, बिन रिकामा करा आणि ती फाइल कुणाच्या हाती लागली असेल अशी शंका असेल, तर ईमेल आणि बँकेचा पासवर्ड आजच बदला. भेटूया पुढच्या भागात!