व्हॉल्व्हची निवड आणि हवेचा हिशेब

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हवा फुकट मिळते, हे विधान निसर्गापुरते खरे आहे, कारखान्यापुरते नाही. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा ही कारखान्यातील सर्वांत महागड्या ऊर्जारूपांपैकी एक आहे. कॉम्प्रेसरच्या मोटरला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १० ते ३० टक्के ऊर्जा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पोहोचते. उर्वरित ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तरीही लुधियाना, राजकोट, कोइम्बतूर किंवा पिंपरी-चिंचवड येथील अभियांत्रिकी उद्योगांत संपीडित हवेचा वापर सर्वत्र आढळतो. कारण ती स्वच्छ असते, ठिणगी पाडत नाही, आणि तिच्यावर चालणारी साधने साधी व टिकाऊ असतात.

या हवेला दिशा देणारे छोटे साधन म्हणजे व्हॉल्व्ह. आकाराने तो तळहातावर मावणारा असतो आणि यंत्राच्या एकूण किमतीत त्याचा वाटा नगण्य असतो. त्यामुळे त्याची निवड खरेदी विभागाच्या दरपत्रकावर सोडली जाते. नेमक्या याच ठिकाणी अर्थशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : वस्तूची किंमत महत्त्वाची, की वस्तू वापरण्याचा खर्च?

प्रथम तांत्रिक बाजू समजून घेऊ. व्हॉल्व्हची ओळख दोन अंकांनी सांगितली जाते. पहिला अंक हवेच्या वाटांचा, म्हणजे पोर्टचा. दुसरा अंक व्हॉल्व्हच्या स्थितींचा. २/२ व्हॉल्व्ह हवा केवळ चालू किंवा बंद करतो. ३/२ व्हॉल्व्ह एकाच बाजूने हवा घेणारा सिलिंडर चालवतो. दोन्ही बाजूंनी हवा घेणाऱ्या सिलिंडरसाठी ५/२ व्हॉल्व्ह लागतो. आणि दट्ट्या मध्येच थांबवायचा असेल तर ५/३ व्हॉल्व्हचा विचार करावा लागतो.

दुसरा निकष प्रवाहक्षमतेचा. व्हॉल्व्हच्या तोंडाचा आटा किती मापाचा आहे, यावरून त्याची क्षमता कळत नाही. सारख्याच आट्याच्या दोन व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या हवेत मोठा फरक असू शकतो. म्हणून उत्पादक ‘केव्ही’ हा गुणांक देतात. १ बार दाबफरक असताना व्हॉल्व्हमधून ताशी किती घनमीटर पाणी वाहू शकेल, ते हा गुणांक सांगतो. सिलिंडरचा व्यास, दट्ट्याची धाव आणि त्याला अपेक्षित असलेला वेळ यांवरून हवेची गरज काढावी व मगच व्हॉल्व्ह निवडावा.

तिसरा निकष जागेचा. ३२ मिलिमीटर व्यासाच्या आणि १०० मिलिमीटर धाव असलेल्या सिलिंडरचे आकारमान सुमारे ८० घनसेंटिमीटर भरते. त्याच्यापासून ५ मीटर दूर व्हॉल्व्ह बसवला आणि ४ मिलिमीटर अंतर्व्यासाची नळी जोडली, तर त्या नळीचेच आकारमान सुमारे ६३ घनसेंटिमीटर होते. प्रत्येक फेरीत ही नळी भरते आणि रिकामी होते. काम मात्र काहीच करत नाही. व्हॉल्व्ह सिलिंडरजवळ आणला की हा अपव्यय टळतो.

चौथा निकष सुरक्षिततेचा. वीज अचानक गेली तर यंत्राने काय करावे, याचे उत्तर व्हॉल्व्ह निवडतानाच द्यावे लागते. एक सोलेनॉइड व स्प्रिंग असलेला ५/२ व्हॉल्व्ह वीज जाताच मूळ स्थितीत परततो. दोन सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह शेवटच्या स्थितीतच राहतो. कामाचा तुकडा घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीला दुसरा प्रकार योग्य. कारण पकड सुटली तर तुकडा उडून कामगाराला इजा होईल. जिथे दट्ट्या मागे येणे सुरक्षित, तिथे पहिला प्रकार योग्य. मधल्या स्थितीत सर्व वाटा बंद करणारा ५/३ व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये दाब कोंडून ठेवतो. यंत्र बंद दिसते, पण दुरुस्तीसाठी हात घालणाऱ्या कामगाराला तो कोंडलेला दाब दिसत नाही. म्हणून हवा पूर्ण बाहेर सोडणारा आणि कुलूप लावता येईल असा ३/२ व्हॉल्व्ह यंत्राच्या मुखाशी असणे आवश्यक ठरते. ही तरतूद खर्चिक नाही. तिच्या अभावाची किंमत मात्र एखाद्याला बोटे गमावून मोजावी लागते.

आता आर्थिक हिशेब पाहू. समजा, एका लघुउद्योगाने प्रवाहक्षमता कमी असलेले २० स्वस्त व्हॉल्व्ह घेतले. दट्टे मंद चालू लागले. व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी संपूर्ण कारखान्याचा दाब ७ वरून ८ बार करण्यात आला. दाबातील १ बारच्या फरकाने कॉम्प्रेसरच्या वीजवापरात साधारणतः ६ ते १० टक्के फरक पडतो. ५५ किलोवॉटचा कॉम्प्रेसर वर्षाला ६,००० तास पूर्ण भाराने चालत असेल, तर वापर ३,३०,००० युनिट होतो. त्यात ७ टक्के वाढ म्हणजे २३,१०० युनिट. ८ रुपये दराने १,८४,८०० रुपये. योग्य व्हॉल्व्ह प्रत्येकी १,००० रुपयांनी महाग असते, तरी जादा खर्च २०,००० रुपयेच झाला असता. तो सुमारे पाच-सहा आठवड्यांत भरून निघाला असता. शिवाय दाब वाढला की गळतीही वाढते. ७ बार दाबाला जेमतेम ३ मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे ३ किलोवॉट वीज गिळते.

इतका स्पष्ट फायदा असताना चुकीची निवड का होते? पहिले कारण माहितीच्या अभावाचे. वीजबिल संपूर्ण कारखान्याचे येते. व्हॉल्व्हचा वाटा त्यात वेगळा दिसत नाही. दुसरे कारण विभाजित हितसंबंधांचे. खरेदी करणाऱ्याचे यश कमी दरात मोजले जाते, वीजबिल मात्र दुसऱ्या खात्यावर पडते. तिसरे कारण भांडवलाच्या टंचाईचे. लहान उद्योजकाला आजचे २०,००० रुपये उद्याच्या बचतीपेक्षा मोठे वाटतात. चौथे कारण बाह्य परिणामांचे. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरील उदाहरणात तो वर्षाला १६ टनांच्या आसपास भरतो; त्याचा भार समाज सोसतो.

बाजारपेठ जिथे अपुरी पडते, तिथे धोरणाची गरज निर्माण होते. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजनेच्या पहिल्या चक्रात ८ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या ऊर्जाग्राहकांना उद्दिष्टे देण्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिट व्यापाराला कायदेशीर आधार मिळाला. मात्र ही उद्दिष्टे प्रामुख्याने मोठ्या उद्योगांसाठी आहेत. लघुउद्योगांसाठी ब्युरोने समूहनिहाय कार्यक्रम राबवले असले, तरी हजारो छोट्या कार्यशाळांपर्यंत पोहोचणे हे आजही आव्हान आहे. समूह पातळीवर सामायिक ऊर्जा लेखापरीक्षण, आयटीआयमधील प्रशिक्षणात हवेच्या खर्चाचे गणित आणि खरेदीत आयुर्मान खर्चाचा निकष हे तीन उपाय त्या दृष्टीने उपयुक्त ठरतील.

गळती मोजायला महागड्या उपकरणाचीही गरज नाही. सर्व यंत्रे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर चालू ठेवावा. तो २ मिनिटे भारावर आणि ८ मिनिटे भाराविना चालत असेल, तर १० मिनिटांपैकी २ मिनिटांची हवा, म्हणजे त्याच्या क्षमतेचा २० टक्के भाग, गळतीतच जात आहे. एक घड्याळ आणि सुट्टीचा एक दिवस एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.

उत्पादकता वाढवण्याची चर्चा बहुधा नव्या गुंतवणुकीपासून सुरू होते. प्रत्यक्षात बऱ्याच कारखान्यांत ती तळहातावर मावणाऱ्या एका व्हॉल्व्हपासूनही सुरू होऊ शकते. उद्या प्रशासनात जाणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एखादी निविदा येईल, तेव्हा सर्वांत कमी दराच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : ही वस्तू दहा वर्षे वापरण्याचा खर्च किती? तो रकाना भरण्याची सवय लागली, तर ऊर्जा संवर्धन कायद्याच्या पुस्तकातून कारखान्याच्या जमिनीवर उतरेल.