आकड्यांची वाट

मंडळी, मागच्या आठवड्यात आपण शंभरापर्यंतचे आकडे पुरे केले. जाताना तुमच्यातले एकजण म्हणाले, "गुरुजी, अक्षरे शिकलो ते ठीक. पण आकडे तर आम्हांला बाजारात येतातच. ते पाटीवर गिरवायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आज आम्ही आमचीच एक फजिती सांगतो.

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. आपल्याकडची जुनी माणसे त्याला हॉलंड म्हणतात. आमचा मुलगा तिकडे नोकरीला असतो. २०१९ सालच्या ऑगस्टात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. देश सपाट, जणू पोळपाटच. त्याची सुमारे चौथाई जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे. बांध घालून समुद्र बाहेर थोपवला आहे. १९५३ साली फेब्रुवारीत तुफान होऊन बांध फुटले, तेव्हा त्या देशात १,८३६ माणसे दगावली.

देश सपाट म्हणून सायकल फार. साहेबही सायकलवर, साहेबाची आजीही सायकलवर. सायकलींना वेगळ्या वाटा आहेत. सगळ्याच डांबरी नाहीत. रानातून, माळावरून, बांधावरून जाणाऱ्या कितीतरी वाटा कच्च्या आहेत. कुठे बारीक खडी, कुठे वाळू, कुठे माती. अशा वाटांसाठी अलीकडे वेगळी सायकल निघाली आहे. तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वाकलेले, पण टायर दोन बोटे रुंद. हवा थोडी कमी भरायची. अरुंद कडक टायर वाळूत रुततो, रुंद मऊ टायर वरून जातो. आपल्या बैलगाडीवाल्यांना हे सांगायला नको.

त्या देशाच्या उत्तरेला एक बेट आहे. लिहितात टेक्सेल, पण तिथले लोक म्हणतात टेसल. डेन हेल्डर गावाहून बोटीत बसले की वीस मिनिटांत बेट येते. सायकलही बोटीत चढवता येते. बेट सुमारे २५ किलोमीटर लांब. मुलाने व सूनबाईने तिथे चार दिवसांसाठी घर भाड्याने घेतले होते. मुलाने आपली ग्रॅव्हल सायकल बरोबर आणली. आम्हांला साधी सायकल भाड्याने मिळाली. तिला हाताचा ब्रेक नव्हता! पायडल उलटे फिरवले की चाक थांबते. आम्हांला उतारावर पायडल मागे फिरवायची खोड. पहिल्याच वळणाला सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि आम्ही हँडलवर आदळलो.

बेटावर मेंढरे उदंड. शेतांच्या कडेला गवताच्या ढेकळांचे, मातीचे बांध रचलेले. मेंढपाळांची कोठारे तर अशी, की कोणी सुरीने अर्धी कापून नेली असावीत. एक बाजू उभी, दुसरी जमिनीपर्यंत उतरती. पश्चिमेचा वारा त्या उतरत्या पाठीवरून निघून जातो आणि उभ्या बाजूच्या आडोशाला मेंढरे उभी राहतात. एका ठिकाणाचे नाव आहे 'उंच डोंगर'. आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो. उंची जेमतेम पन्नास फूट!

बेटाच्या पश्चिमेला वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या पोटाशी माळ. माती निकस, नुसती वाळू. तिच्यात हेदर नावाचे बुटके झुडूप वाढते. ऑगस्टात त्याला बारीक जांभळी फुले येतात. नजर जाईल तिथवर माळ जांभळा. असा माळ आपोआप राहत नाही. गुरे चरली नाहीत तर गवत माजते, मग झाडोरा येतो आणि हेदर मरते. म्हणून तिथे मुद्दाम गुरे सोडतात. वाटेवर आडवे लोखंडी गज टाकून खाली खड्डा ठेवतात. सायकल गजांवरून जाते. गुरांचे खूर अडकतात म्हणून ती पलीकडे जात नाहीत. ना फाटक उघडायला नको, ना लावायला. आणि काही वाटांवर खडीऐवजी शिंपल्यांचा चुरा पसरतात. पाऊस पडला तरी चिखल होत नाही. चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

आता या वाटांवर परका माणूस रस्ता कसा शोधतो, ते ऐका. शेजारच्या बेल्जियम देशात लिंबुर्ख प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. १९९२ साली शेवटची खाण बंद पडली. जमिनीखालच्या अंधारात बोगद्यांच्या फाट्यांना नंबर दिलेले असत. नंबर बघून खाणकामगार वाट शोधत. ह्यूगो बोलेन नावाचे खाणीचे एक इंजिनीअर होते. त्यांनी ठरवले, हीच रीत जमिनीवर सायकलवाल्यांसाठी वापरू. १९९५ साली त्या प्रांतात प्रत्येक फाट्याला नंबर लागले. पुढे हॉलंडनेही ही रीत उचलली. फाट्यावर पांढरी पाटी, त्यावर हिरव्या रंगात नंबर, आणि पुढचा नंबर कुठल्या बाजूला ते बाणाने दाखवलेले. आपण घरून निघताना नंबर ओळीने कागदावर लिहून घ्यायचे. गावाचे नाव वाचता येवो न येवो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकटेच निघालो. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी नंबर लिहून देते." आम्ही म्हटले, "छे! चाळीस वर्षे पोरांना अंक शिकवले, आम्हीच लिहू." आणि सवयीने मराठी आकड्यांत लिहिले.

इथेच घोळ झाला. मराठी एक आणि इंग्रजी नऊ, हे दोघे दिसायला सख्खे भाऊ. माळावरच्या एका फाट्यावर आमच्या कागदातल्या आकड्याच्या शेवटी एक होता. पाटीवरच्या आकड्याच्या शेवटी इंग्रजी नऊ होता. डोळ्यांनी आकार जुळवला आणि आम्ही खुशाल वळलो. पुढच्या फाट्यावर आमचा नंबर नाही. त्याच्या पुढेही नाही. डावीकडे वाळूच्या टेकड्या, उजवीकडे जांभळा माळ, समोरून वारा. मोबाईल होता, पण त्यात तिथले कार्ड नव्हते. गावांच्या नावांच्या पाट्या होत्या, पण ती भाषा आम्हांला कुठली येणार? मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस तिथे निव्वळ निरक्षर उभा होता. पोटात खड्डा पडला, हे कबूल करतो. साक्षरतेच्या वर्गात पहिल्या दिवशी तुमच्यातले काहीजण दाराशीच घुटमळत होते, ते का, हे आम्हांला त्या माळावर समजले.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची असेल. आम्ही कागद पुढे केला. तिने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि मान हलवली. आमचे आकडे तिला वाचता येईनात! आता आम्ही दोघेही निरक्षर. मग आम्ही बोटे काढून एकेक आकडा दाखवला. ती हसली. फाट्यावर नकाशा होता, त्यावर बोट ठेवून तिने आम्हांला मागे पाठवले. जिथवर नंबर बरोबर जुळले होते, तिथवर परत जा, असे तिच्या हातवाऱ्याचे म्हणणे.

मागे आलो. चूक लगेच दिसली. कागदाच्या पाठीवर सगळे आकडे इंग्रजीत पुन्हा लिहून काढले, मग निघालो. तिकडे ऑगस्टात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणून निभावले. एकेक नंबर मागे पडत गेला. शेवटचा नंबर आला तेव्हा सूनबाई फाट्यावरच उभी होती. रागावली नाही. कागद हातात घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाली, "बाबा, गृहपाठ दोनदा केलात वाटतं."

तर आता पाट्या घ्या. आज डावीकडे मराठी आकडे लिहायचे, उजवीकडे इंग्रजी. एक आणि नऊ पाच-पाच वेळा.