मोत्यांची भेट देताना

लग्नसराई तोंडावर आली आहे, तेव्हा भेट म्हणून मोत्यांचा दागिना कसा निवडावा, यावर बोला, असं आकाशवाणीनं मला सुचवलं. मामा भाचीला कुड्या करतो, सासूबाई सुनेला नथ करतात, मुलं आईच्या साठीला तन्मणी घेतात. आणि दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मोती खरे आहेत ना?"

त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. आज नव्यानं मिळणारे बहुतेक सगळे खरे मोती संवर्धित असतात, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले. जपानच्या मिकिमोटो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवले आणि पुढे सगळा व्यापारच बदलला. त्याआधी आखाती समुद्रातले मोती मुंबईत येत. इथे ते चाळण्यांतून चाळून निवडले जात, विंधले जात, ओवले जात आणि पार पॅरिसपर्यंत जात. आपल्या पणज्यांच्या नथीतले बसरा मोती ते हेच. १९३०च्या दशकात मंदी आली, जपानी मोती आले आणि तो व्यापार बसला. म्हणून नवा दागिना कोणी 'बसरा' म्हणून स्वस्तात देऊ करत असेल, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.

पण संवर्धित मोती खोटा नव्हे. तोही शिंपल्यातच वाढतो, थरावर थर चढत. खोटा तो काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी, वरून मुलामा दिलेला. मोती दातावर हलकेच घासून पाहा. खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. भोकाजवळ भिंग धरा, खोट्याचा मुलामा पुष्कळदा तिथे सुटलेला दिसतो.

आता मुख्य गोष्ट. मोत्यात आधी पाणी, म्हणजे चमक, बघायचं, मग आकार. आपल्याकडे उलट होतं. मोठे, गोल, पांढरेशुभ्र मोती डोळ्यांत भरतात आणि आपण पैसे मोजतो. दुकानातल्या झगमगाटात सगळेच मोती सुंदर दिसतात. म्हणून सर हातात घ्या आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात या. मोत्यात दाराच्या चौकटीचं प्रतिबिंब पाहा. कडा स्पष्ट दिसल्या तर मोत्याला पाणी आहे. नुसताच खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर तो मोती कितीही मोठा असो, ठेवून द्या. मग सर पांढऱ्या कापडावर ठेवून बोटानं पुढे लोटा. विंध मधोमध असेल तर मोती सरळ फिरतो, वाकडा असेल तर डगमगतो. पुन्हा सांगते, आधी पाणी, मग आकार. बारीक पण पाणीदार मोत्यांच्या कुड्या थोराड, निस्तेज सरापेक्षा कितीतरी चांगली भेट आहे.

आणि आता गाठवण्याबद्दल. याबद्दल कोणी विचारतच नाही! मोत्यांवर हजारो रुपये खर्च करायचे आणि दोरा कसला आहे ते बघायचंही नाही, हे मला पटत नाही. चांगला सर रेशमी दोऱ्यात गाठवलेला असतो आणि दोन मोत्यांच्या मधे एक बारीक गाठ असते. ती गाठ मोत्याला अगदी लागून बसवावी लागते. सैल राहिली तर मोती हलतो आणि दोरा कापतो. गाठ असली की मोत्यावर मोती घासत नाही, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती सुटतो, सगळे जमिनीवर विखुरत नाहीत. तन्मणीच्या बारीक मोत्यांच्या सरांत अशा गाठी नसतात. तिथे सर खोडाशी, म्हणजे मधल्या पदकाशी, कसे बांधले आहेत, ते उलटून पाहायचं. हे काम पटवेकऱ्याच्या, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याच्या, बोटांचं आहे. रोजच्या वापरातला सर घामानं, मळानं सैल होतो, तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा गाठवून घ्यावा. आपण मात्र दागिना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतो, वर हिऱ्याच्या अंगठ्या टाकतो आणि बँकेच्या लॉकरमध्ये ढकलतो. मोती मऊ असतो, हिरा त्याला ओरखडे पाडतो. अत्तर आणि घाम यांनी त्याचं पाणी जातं. म्हणून सगळा साज झाल्यावर, अत्तर लावून झाल्यावर, शेवटी मोती घालायचे. उतरवल्यावर मऊ ओलसर फडक्यानं पुसायचे, मलमलच्या कापडात आडवे ठेवायचे. खुंटीला टांगायचे नाहीत, दोरा ताणला जातो. हे भेट देतानाच सांगा. नुसती डबी हातात ठेवून चालणार नाही.

वेळ संपत आली आहे, निवेदिका खूण करत आहेत, तेव्हा नथीचं घाईत सांगते. मुलीचं नाक टोचलेलं आहे का, हे तिच्या आईला आधी विचारा. नसेल तर चापाची नथ घ्या. आणि नथ वजनाला हलकीच असू द्या, नाहीतर ती लग्नाच्या फोटोपुरतीच नाकात चढते. कुड्यांची फिरकी दोन-तीनदा लावून-काढून बघा. तन्मणीच्या खोडाबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलं.

एक करा. आज घरातला मोत्यांचा दागिना बाहेर काढा आणि दोरा तपासा. सैल झाला असेल तर लग्नाची गर्दी सुरू होण्याआधी गाठवायला द्या.