आठ दिवसांची सवड : रत्नागिरी ते कोल्हापूर

श्रोतेहो, रत्नागिरीहून कोल्हापूर किती लांब? एस.टी.च्या वाहकाला विचाराल तर तो सांगेल, सुमारे १३० किलोमीटर, साडेतीन-चार तास. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रवास अनेकदा केला असेल. कोणी लग्नाचा बस्ता बांधायला, कोणी अंबाबाईच्या दर्शनाला, कोणी दवाखान्याच्या कामाला. सकाळी निघायचे, घाटात डुलकी घ्यायची आणि संध्याकाळी परत. आता तर हा रस्ता चौपदरी करण्याचे काम हाती घेतलेले आहे. म्हणजे उद्या आपण आणखी लवकर पोहोचू. चांगलेच आहे. पण आज मी तुम्हाला याच्या उलटे काहीतरी सुचवणार आहे. हाच प्रवास सात दिवसांत करा!

हे खूळ माझ्या डोक्यात कसे शिरले ते आधी सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पस्तीस वर्षे त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने सह्याद्री काढला, पंचगंगेच्या पाच नद्या मुलांकडून घोकून घेतल्या. प्रत्यक्षात ते कोल्हापूरला गेले तीनदा, आणि तिन्ही वेळा औषधोपचारासाठी. शेवटच्या खेपेला आंबा गावात गाडी चहाला थांबली. अण्णा खाली उतरून डोंगराकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "इथे एक दिवस उतरायला हवं रे. पाणी कुठे वळतं ते बघायचंय." मी घड्याळ बघितले. म्हटले, "पुढच्या वेळी नक्की." ती पुढची वेळ काही आली नाही.

दोन वर्षांनी आई, पत्नी आणि मुलांना घेऊन मी हा प्रवास केला. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वेळेची. पावसाळ्यात घाटात धुके असते, उन्हाळ्यात ओढे आटतात. आपल्याला बरी दिवाळीची सुट्टी. भात कापून झालेले असते, ओढ्यांना पाणी असते, शाळाही बंद असतात. शिवाय ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. हा सोहळा सूर्याच्या जागेवर अवलंबून, म्हणून तो तिथीवर नाही, तारखेवर धरतात. शेवटचा मुक्काम त्या दिवसांत येईल असे मागे मोजत या, म्हणजे निघायची तारीख आपोआप ठरते.

दुसरी गोष्ट, चालीची. एका दिवसात दोन तासांपेक्षा जास्त प्रवास करायचा नाही. एका दिवशी एकच मुख्य गोष्ट बघायची. दुपारी जेवून स्वस्थ पडायचे. तिकीट एकदम कोल्हापूरचे काढू नका, टप्प्याटप्प्याने काढा. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत आहे. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवण्याचे कारण नाही.

आता वाट. पहिला दिवस रत्नागिरीतच काढा. हसू नका! आपले गाव आपण पाहुण्यांना दाखवतो, स्वतः कुठे बघतो? १९१० साली बांधलेल्या थिबा राजवाड्याच्या सज्जात जरा उभे राहा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षे त्याला मनाने कुठे जाता आले नाही. आपल्याला येते, एवढे तिथे लक्षात आले तरी पुरे. मग संध्याकाळी भाट्याच्या पुलावर या. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. हिचे तोंड नीट पाहून ठेवा, कारण उद्या आपल्याला तिला वर भेटायचे आहे.

दुसऱ्या दिवशी हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याला उतरा. भाट्याला खाडीएवढी रुंद असलेली काजळी इथे किती लहान, ते मुलांना दाखवा. हातात वेळ असेल तर मारळचा मार्लेश्वर करा. डोंगराच्या कुशीतली गुहा, समोर धबधबा. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे लग्न लागते आणि नवरी गिरिजादेवी असते साखरप्याची. नदीकाठच्या गावाची लेक डोंगरातल्या देवाला दिलेली. आपल्या लोकांनी भूगोल असा नात्यागोत्यात बांधून ठेवला आहे.

तिसऱ्या दिवशी घाट चढून आंब्याला मुक्काम. अण्णांना बघायची होती ती जागा हीच. घाटाच्या कडेवर पडलेला पाऊस पश्चिमेला वळला तर काजळीतून, जेमतेम एका जिल्ह्याची वाट चालून, अरबी समुद्रात जातो. तोच चार पावले पलीकडे पडला तर कडवीत, कडवीतून वारणेत, वारणेतून कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून थेट बंगालच्या उपसागरात! पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. मुलांना तो शब्द पाठ असतो. पण कड्यावर उभे राहून एका बाजूला खोल कोकण आणि दुसऱ्या बाजूला सावकाश उतरत जाणारा देश पाहिला की तो शब्द पाठ करावा लागत नाही. पाऊससुद्धा इथेच सांडून जातो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस कोल्हापुरात सुमारे हजारावर येतो. म्हणून खाली भात आणि पुढे जोंधळा.

चौथा दिवस पावनखिंडीचा. आंब्याहून विशाळगडाकडे जाणाऱ्या रस्त्याने जायचे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा भेदून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ते भर पावसात, रानातून, एका रात्रीत आणि दिवसात. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रू रोखून धरला आणि देह ठेवला, तेव्हा ती पावनखिंड झाली. ती माणसे जी वाट जिवावर उदार होऊन धावली, तीच आपण उलट्या दिशेने दोन दिवसांत, शिदोरी खात जातो. खिंडीत मोठ्याने बोलू नये असे कोणी सांगावे लागत नाही. याच गजापूरच्या बाजूला कासारी नदी उगम पावते. तिचेही नाव लक्षात ठेवा.

पाचव्या दिवशी मलकापूरवरून वाघबीळ फाट्याने पन्हाळ्यावर. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे बघा, तीन दरवाजा बघा. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली इथलाच. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत पन्हाळा आहे. आणि एक गंमत. माथ्यावरचा तांबडा दगड हाताने चाचपून पाहा. घाटात मागे राहिला असे वाटलेला आपला जांभा इथे पुन्हा भेटतो.

सहाव्या दिवशी सकाळी जोतिबा. हा डोंगर ज्या गावात आहे त्याचे नाव ठाऊक आहे? वाडी रत्नागिरी! रत्नागिरीहून निघालेला माणूस सहाव्या दिवशी पुन्हा रत्नागिरीतच. पाटी वाचून माझी मुले हसून हसून दमली. तिथून खाली उतरून चिखलीच्या प्रयाग संगमावर या. एका अंगाने कासारी येते, दुसऱ्या अंगाने भोगावती; कुंभी आणि तुळशी त्याआधीच त्यांना मिळालेल्या असतात. सरस्वती गुप्त मानतात. इथून पुढे तिचे नाव पंचगंगा.

सातवा दिवस कोल्हापूरचा. सकाळी शाहू महाराजांच्या वेळचे खासबाग मैदान, दुपारी भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी देऊळ. ढग आले तर किरण दिसत नाहीत. आम्हाला पहिल्या दिवशी दिसले नाहीत. पण आठवडाभर सावकाश चाललेल्या माणसाला त्याचे फारसे दुःख होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांच्या हाती एक वही द्या आणि रोज चारच गोष्टी लिहायला सांगा : दगड कोणता, पाणी कुठे जाते, शेतात काय आहे, आणि आज नवीन शब्द कोणता ऐकला. खाली ज्याला आपण पाखाडी म्हणतो ती वर ऐकू येत नाही, आणि "या की, बसा की" हा आग्रह खाली त्या सुरात होत नाही. सात दिवसांची ही वही म्हणजे भूगोलाचे एक चांगले पुस्तक होईल.

जाता जाता एवढेच. चिखलीच्या संगमावर मी मुलांना पाच नद्यांची नावे विचारली. मुले तिसऱ्याला अडखळली. तेव्हा मागे पायरीवर बसलेली आई हलकेच म्हणाली, "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती." ती शाळेत फार शिकलेली नाही. पण ओटीवर अण्णा शिकवणी घेत, आणि ही स्वयंपाकघरात भाकऱ्या थापीत असे. पस्तीस वर्षे तिने ती नावे ऐकली होती. पाणी बघितले ते त्या दिवशी. ओंजळीत घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

श्रोतेहो, तुमच्याही घरात कोणी तरी "इथे एकदा उतरायला हवं" असे म्हणाले असेल. या दिवाळीत त्यांना घेऊन उतरा. कोल्हापूर कुठे पळून जात नाही.