वीजजाळ्याचे नियोजन आणि नागरिकांचा सहभाग



फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हा एक कोटी कुटुंबांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट आणि 75,021 कोटी रुपयांचा खर्च जाहीर झाला. या योजनेच्या चर्चेत अनुदानाचा उल्लेख हमखास येतो, गल्लीतील रोहित्राचा क्वचितच. आज मला बोलावयाचे आहे ते या रोहित्राविषयी.

आपली वितरण यंत्रणा वीज एकाच दिशेने, म्हणजे उपकेंद्राकडून घराकडे वाहील, असे गृहीत धरून उभी राहिली. समजा, 100 केव्हीएच्या एका रोहित्रावरील तीसएक घरांनी प्रत्येकी 3 किलोवॉटचे संच बसविले. भर दुपारी निर्मिती ऐन भरात असते, घरातील मागणी मात्र अल्प. वीज उलट वाहू लागते, व्होल्टेज वाढतो आणि तो मर्यादेपलीकडे गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. म्हणूनच अनेक राज्यांच्या विनियमांत, रोहित्राच्या क्षमतेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच अशा जोडण्यांना मुभा असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही क्षमता दुर्मीळ संसाधन होय, आणि तिचे वाटप ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या न्यायाने होते. प्रथम कोण येणार? अर्थातच, ज्याच्यापाशी स्वतःचे छत आणि भांडवल आहे तो.

वीज (ग्राहक हक्क) नियम, 2020 मध्ये 2024 साली झालेल्या दुरुस्तीने हा अडसर बराच दूर केला. 10 किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना स्वीकृत मानले जातात आणि 5 किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी लागणारे यंत्रणेचे बळकटीकरण वितरण कंपनीने स्वखर्चाने करावयाचे असते. या ‘स्वखर्चाने’ शब्दापाशी विद्यार्थ्यांनी अवश्य थांबावे. आयोगाने मान्य केलेला कंपनीचा खर्च तिच्या वार्षिक महसुली गरजेत मिळविला जातो आणि वीजदरांतून सर्व ग्राहकांकडून वसूल होतो. चाळीत भाड्याने राहणारे, छतच नसलेले कुटुंबही त्यात वाटा उचलते. हा खर्च करू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु तो कोणत्या भागात, कोणत्या क्रमाने व्हावा, हे ठरविताना त्या कुटुंबास विचारणार कोण?

वीज अधिनियम, 2003 ने लोकसहभागास दोन ठिकाणी स्पष्ट स्थान दिले आहे. कलम 3 अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणास राष्ट्रीय वीज योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कलम 64 अन्वये राज्य आयोगास जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच दर ठरवावे लागतात. एक टोक देशाच्या आराखड्याचे, दुसरे वीजबिलाचे. मधला प्रदेश, म्हणजे उपविभागातील वाहिन्या व रोहित्रे यांचे नियोजन, बहुधा दरयाचिकेच्या एखाद्या प्रकरणात उरकले जाते.

हरकतींना अर्थ नसतो, हा समज मात्र खरा नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या मसुद्यात छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगची व्याप्ती आकुंचित करण्याचा प्रस्ताव होता. त्यावर ग्राहकांच्या हरकती आल्या आणि डिसेंबर 2019 च्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंगचा पर्याय नेट बिलिंगसोबत कायम राहिला.

माझ्या मते पुढील पाऊल अवघड नाही. प्रत्येक रोहित्राची शिल्लक क्षमता कंपनीने दर तिमाहीस जाहीर करावी आणि बळकटीकरणाचा पंचवार्षिक आराखडा आयोगाकडे जाण्यापूर्वी उपविभागाच्या ठिकाणी, राज्याच्या भाषेत, सुनावणीसाठी ठेवावा. शेकडो पानांची याचिका सामान्य ग्राहक वाचणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरील उपाय अधिनियमातच आहे: कलम 94 अन्वये आयोग ग्राहकांच्या हितासाठी बाजू मांडण्यास कोणाही व्यक्तीस प्राधिकृत करू शकतो. दरनिश्चितीच्या सुनावणीत जशी ग्राहक प्रतिनिधींची मदत घेतली जाते, तशीच ती या आराखड्यांसाठीही घेता येईल.