घरचे तेल आणि त्याचे माप



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांवर विद्वानांनी बोलावे, तेथे आम्ही फोडणीच्या तेलावर बोलायला उभे आहोत. काही मंडळी गालांत हसत आहेत, ते आम्हांस दिसते. हसावे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि फुकट वाचनालयात झाले. त्यामुळे विषयही तेथलाच सुचतो. यंत्रमाग व विडी कामगारांत काम करताना आम्हांला पगाराइतकाच तेलाचा प्रश्न ऐकावा लागतो. पूर्वी तो भावापुरता होता. आता चाळिशीतल्या माणसाला हृदयविकार गाठू लागल्यापासून बाया विचारतात, "दादा, कोणतं तेल चांगलं?"

पहिली गोष्ट ही, की शेंगदाण्याचे असो, करडईचे असो की परदेशी ऑलिव्हचे, एका ग्रॅम तेलातून नऊच कॅलरी मिळतात. "हलके तेल" म्हणून जे विकतात, तेही अंगावर तितकेच चढते. फरक आहे तो स्निग्धाम्लांचा. खोबरेलात सुमारे नव्वद टक्के आणि पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त आम्ले असतात. ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कोकणातल्या बांधवांनी रागावू नये. आमटीला नारळ वाटणे निराळे आणि सारा स्वयंपाक खोबरेलात करणे निराळे. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मे ओलिक आम्ल असते. आमच्या सोलापूरकडच्या जुन्या वाणांच्या करडईत सुमारे पाऊण हिस्सा लिनोलिक आम्ल भरते. दोन्ही तेले चांगली, पण ओमेगा-3 म्हणतात ते आम्ल दोन्हींत नसल्यासारखेच. ते मोहरीत व सोयाबीनमध्ये थोडे असते आणि जवसात भरपूर. म्हणून एकाच तेलाला जन्मभर चिकटून राहू नये. एक डबा शेंगदाण्याचा किंवा करडईचा, पुढचा सोयाबीनचा अथवा मोहरीचा, आणि ताटात जवसाची चटणी. ही चटणी गरिबाची म्हणून ज्यांनी बाजूला सारली, ते आता तेच जवस औषधाच्या दुकानातून कॅप्सूलमध्ये भरून आणतात!

आता बाटलीकडे वळू. करारपत्रावर सही करण्यापूर्वी मागचे पान वाचा, असे आम्ही कामगारांना सांगत आलो. तेलाच्या पिशवीलाही मागचे पान असते. पुढे हृदयाचे चित्र आणि "कोलेस्टेरॉल-मुक्त" ही अक्षरे असतात. अहो, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल असते कुठे? आमच्या विडीत साखर नाही, असे छापण्यापैकीच ते आहे. मागे बारीक अक्षरांत कळते, की नाव एका तेलाचे असले तरी आत दोन तेलांचे मिश्रण आहे. मिश्रण कायद्याने चालते आणि ते वाईटच असते असेही नाही. पण कोणते तेल किती टक्के, हे वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सुटे तेल मात्र घेऊ नये. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. हजारो माणसे जलोदरासारख्या सुजेने आजारी पडली आणि साठाच्या आसपास दगावली. रोज दहा-वीस रुपयांचे तेल घेणाऱ्याला हा उपदेश आम्ही कोणत्या तोंडाने करावा, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. ज्याची मजुरी रोजच्या रोज संपते, त्याला तेल निवडता येत नाही, ते मिळेल तसे घ्यावे लागते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात रोखली, आणि धग आमच्या चाळीतल्या चुलीला लागली. म्हणून दहा घरांनी मिळून मोहोरबंद डबे आणावेत आणि पैसे हप्त्याने फेडावेत, असे आम्ही सुचवतो. हे काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी भांडणात मोडते.

वनस्पती तुपाविषयी थोडक्यात. तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवून ते थिजवताना ट्रान्स स्निग्धे तयार होत. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवून चांगले कमी करतात. जानेवारी 2022 पासून तेला-तुपांत त्यांना दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरी वनस्पती रोजच्या फोडणीला नकोच.

लाकडी घाण्याच्या तेलाचा सध्या बोलबाला आहे. वास सुरेख, चव खरी. पण घाणा म्हणजे धन्वंतरी नव्हे. शेंगदाणा बुरसलेला असला, तर त्यातले विष घाण्याच्या तेलात उतरते; कारखान्यातल्या शुद्धीकरणात ते बव्हंशी निघून जाते. तेव्हा घाण्यावर गेलात तर तेलाची धार पाहण्याआधी पोत्यातले दाणे पाहा.

राहिले माप, आणि आमच्या मते खरी मेख तेथेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2010 साली वरून घ्यायच्या तेला-तुपाचे रोजचे माप सांगितले. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला 25 ग्रॅम, अंगमेहनतीच्या पुरुषाला 40. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला 20. हमालाचे चाळीस ग्रॅम कारकुनाने खायचे नाहीत. विडी वळणारी बाई दिवसभर राबते, पण बसून. तिच्या श्रमाची किंमत मोठी असली तरी तिच्या तेलाचे माप छोटेच. सरासरी पंचवीस ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा दीड महिना पुरायला हवा.

आमच्या एका वस्तीत बायांनी डबा फोडला की भिंतीवर खडूने तारीख लिहायचे ठरवले. एकीचा डबा बावीस दिवसांत संपला. हिशोब केला तेव्हा कळले, की रोज संध्याकाळी भज्यांची कढई चढते आणि तळून काळे झालेले तेल दुसऱ्या दिवशी भाजीत जाते. उपाहारगृहांना असे तेल किती वेळ वापरावे यावर जुलै 2018 पासून नियम आहे. घराला नियम कोण लावणार? बाईंनी भजी रविवारवर नेली, कढईत तेल बेताचे घातले, आणि वरण-भाजीची फोडणी पळीऐवजी चमच्याने मोजली. पुढचा डबा त्यांनी करडईचा आणला. तो एकेचाळीस दिवस गेला.