पात्याची मधली चकती जपा

राधानगरी परिसरात काळा कातळ आहे आणि जांभाही. शिवाय गावोगावी काँक्रीटचे रस्ते झालेत. तेव्हा कटर मशीन चालवणाऱ्यांसाठी आज दोन शब्द.

डायमंड पात्यात हिरेकण असतात ते फक्त कडेच्या दातांत. मधली चकती नुसत्या पोलादाची. काँक्रीट कापताना वाळूमिश्रित राडा तयार होतो आणि नेमका दाताखालीच पोलाद घासत राहतो. दात अजून निम्मे शिल्लक असतात, पण खालची चकती कागदासारखी पातळ होते. मग फिरता फिरता दात सुटून उडतो. कुणाच्या डोळ्याला लागला तर?

यावर पहिला उपाय पाणी. ते पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखं पोहोचलं पाहिजे. पाणी पातं थंड ठेवतं, राडाही वाहून नेतं. नळीचं तोंड चोंदलंय का, ते काम सुरू करण्याआधी पाहा. तोच गढूळ राडा पुन्हा पात्यावर सोडू नका.

दुसरं, काप हवा तेवढाच खोल घ्या. पातं काँक्रीट ओलांडून खालच्या मुरमात किंवा वाळूत शिरलं की झीज झपाट्यानं वाढते. ओलं, नुकतंच घट्ट झालेलं काँक्रीट जास्त घासतं. त्यासाठी दाताखालच्या चकतीला संरक्षण देणारे खास दात बसवलेलं पातं मागा.

आणि रोज मशीन बंद करून, पातं पूर्ण थांबल्यावर, दातांच्या बुडाशी नजर टाका. तिथं खाच दिसली, तर हिरे कितीही उरलेले असोत, ते पातं त्याच दिवशी काढून ठेवा.